बोटांखाली सध्या काय आहे?

सहावीतार

नमस्कार मंडळी.

परवा घरी आलेला मित्र सहज म्हणाला, "वाजव की काहीतरी." गिटार सुरात होती, हातही मोकळा झालेला होता. वाजवायला बसलो आणि लक्षात आलं, मला एकही रचना अथपासून इतिपर्यंत येत नाही. सुरुवाती येतात. नंतर कागदावर लिहून काढल्या तर अकरा निघाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या दोन-तीन ओळी अगदी तयारीच्या, आणि मग "पुढे अजून बसवतोय" असं म्हणून हसायचं.

म्हणून हा धागा. कोण सध्या काय बसवतंय, घरच्या घरी काय रेकॉर्ड करतंय, गाडी नेमकी कुठे अडली आहे, ते लिहा. तयार झालेल्यापेक्षा अडलेलं लिहिलंत तर जास्त आवडेल.

माझ्यापासून सुरुवात. स्पॅनिश गिटारवादक तारेगाचं 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा'. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: यात अंगठा खालच्या तारांवर चालत राहतो आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ पडतात, त्यामुळे एकच सूर अखंड थरथरत राहिल्यासारखा वाटतो. ट्रेमोलो म्हणतात तो हा. रचना ए मायनरमध्ये सुरू होते आणि पुढे ए मेजरमध्ये जाते. मी तीन वर्षं मायनरमध्ये राहतो आहे. मेजर लागलं की बोटं एकमेकांच्या पायात येतात.

मेट्रोनोमग्रस्त

अकरा सुरुवाती! माझ्या चौदा आहेत, पण माझं नंतर. आधी तुमचा ट्रेमोलो बघू.

हिशोब असा आहे. रचना तीन मात्रांची. एका मात्रेत आठ आघात, म्हणजे एका विभागात चोवीस. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर ठेवला तरी सेकंदाला आठ आघात पडतात. या वेगात वाजवताना आपलं आपल्याला धड ऐकू येत नाही. बोटांना जे वाटतं तेच कानाने ऐकलं असं आपण धरून चालतो. तेव्हा फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने लावून ऐका. पैज लावतो, 'तकधिमि'च्या जागी 'त... कधिमि' निघेल. अंगठ्यानंतर खिंड, आणि मग तिन्ही बोटं बसमध्ये चढल्यासारखी एकमेकांवर.

उपाय मला लागू पडला तो सांगतो. अतिशय सावकाश वाजवायचं आणि एक बोट वाजलं की पुढचं लगेच तारेवर नेऊन टेकवायचं. त्याने आवाज तुटतो, कोरडं टक-टक-टक-टक ऐकू येतं. ऐकायला भिकार लागतं, पण कोणतं बोट उशिरा येतंय ते स्वच्छ कळतं. माझं मधलं बोट आळशी निघालं. मग एक दिवस सगळा जोर अनामिकेवर, दुसऱ्या दिवशी मधल्यावर, तिसऱ्या दिवशी तर्जनीवर. आणि हे करताना अंगठा लांबच्या तारेवर ठेवू नका, शेजारच्याच तारेवर ठेवा. खरी अडचण तिथेच होते.

रेकुएर्दोसच्या आधी कार्कासीच्या ओपस (रचनाक्रमांक) ६० मधला सातवा अभ्यास केला आहे का? त्याच जातकुळीचा, पण छोटा आणि माफ करणारा.

माझं म्हणाल तर जूलियानीचं ओपस १. उजव्या हाताचे १२० व्यायाम, १८१२ सालचे. एकशे वीसच्या एकशे वीस ठिकाणी डाव्या हाताला दोनच कॉर्ड, सी आणि जी सेव्हन. डाव्याला सुट्टी, उजव्याला सक्तमजुरी. मी सत्तेचाळीसाव्यावर आहे. घरात माणसं सी वाजला की आपोआप जी सेव्हनची वाट बघायला लागली आहेत.

नवशिका५८

मी सगळ्यांत मागच्या बाकावरचा. वय हँडलमध्ये आहे, गिटार हातात येऊन सात महिने झाले. सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर हे कॉर्ड येतात, एकातून दुसऱ्यात जाताना मधे दम घ्यावा लागतो. अडलंय ते एफवर. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची म्हणतात. दाबतो. पहिली आणि दुसरी तार मुकी, बाकीच्या खरखरतात. मनगट दुखतं ते वेगळंच. या वयात हे होतं का, की मी उगाच?

डावखुरी

काका, उगाच नाही. एलिझाबेथ कॉटन नावाच्या बाई होत्या. डावखुऱ्या होत्या आणि उजव्यांची गिटार तारा न बदलता तशीच उलटी धरून वाजवायच्या, म्हणजे खर्ज बोटांनी आणि वरचे सूर अंगठ्याने. लहानपणी शिकल्या, मग कितीतरी वर्षं गिटार सुटलीच. पहिला अल्बम १९५८ मध्ये आला तेव्हा साठी ओलांडलेली होती. तुमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत. :)

एफबद्दल: तर्जनी सपाट ठेवू नका, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करा, म्हणजे मांसल भागाऐवजी हाडाची कड तारांवर येते. बोटाच्या पेरांच्या वळ्या असतात ना, त्यांच्या खोबणीत नेमकी तार बसली की ती मुकी होते. तेव्हा बोट अर्धा सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवून बघा. कोपर अंगाजवळ घ्या. जोर अंगठ्याच्या चिमटीतून न काढता हाताच्या वजनाने मागे ओढल्यासारखा काढा. आणि पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) शिकूच नका, तिथे तार सर्वांत ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर तोच आकार धरा (तो ए होतो), तिथे वाजला की रोज एकेक फ्रेट खाली या.

मनगट *दुखत* असेल तर त्या दिवशी थांबायचं. बोटांची टोकं झोंबणं वेगळं आणि मनगट दुखणं वेगळं.

लूपवाला

मस्त धागा. मी रचना वगैरे बसवत नाही, मी बनवतो. सध्याचा प्रकल्प: पाच छोटे तुकडे, प्रत्येक दोन मिनिटांच्या आतला, एकच गिटार आणि एक लूपर पेडल (वाजवलेलं टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने दाबायचं यंत्र). आधी खर्ज, त्यावर गिटारच्या पोटावर थापा, त्यावर कॉर्ड, शेवटी वर धून. तीन झाले, चौथा अडलाय.

लूपमध्ये सगळा खेळ पाय केव्हा पडतो याचा आहे. लूप बंद करायची दाब बरोब्बर समेवर पडावी लागते. आपण काय करतो, शेवटचा सूर वाजला की सुटलो म्हणून लवकर दाबतो. मग प्रत्येक आवर्तनात एक बारीकसा ठेचकाळल्यासारखा झटका येतो, आणि त्यावर चार थर चढवले की तो चौपट होतो. उपाय सोपा आहे: शेवटच्या सुरावर थांबायचंच नाही, पुढच्या आवर्तनाचा पहिला सूर वाजवता वाजवता पाय टाकायचा.

मेट्रोनोमग्रस्त, राग मानू नका, पण तुमच्या त्या यंत्राने माझं नुकसानच केलं. दोन वर्षं क्लिकबरोबर वाजवलं आणि क्लिक बंद केला की माझी लय मेणासारखी. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायची सवय लागली होती.

बाकी रचनाच बसवायची तर 'आस्तुरियास'सारखी तरी बसवा. गिटारसाठीच जन्मलेली वाटते.

मेट्रोनोमग्रस्त

राग कसला. पण दोष यंत्राचा नाही, तुम्ही ते प्रत्येक मात्रेवर लावलंत त्याचा आहे. निम्मा वेग लावा आणि क्लिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. मग पहिली आणि तिसरी तुमची तुम्हाला सांभाळावी लागते. ते जमलं की चार मात्रांत एकच क्लिक ठेवा. तेव्हा ते यंत्र खांदा देत नाही, फक्त मधूनमधून हजेरी घेतं.

अर्धाबार

लूपवाला, आस्तुरियास गिटारसाठी जन्मलेली नाही! अल्बेनिसने ती पियानोसाठी लिहिली, जी मायनरमध्ये. नावही त्याचं नाही. तो १९०९ मध्ये गेला (योगायोगाने तारेगाही त्याच वर्षी), आणि १९११ मध्ये प्रकाशकाने ती 'आस्तुरियास' म्हणून छापली. तुम्हाला जे वाटतं त्यात तथ्य मात्र आहे. गिटारवाले ती ई मायनरमध्ये वाजवतात, त्यामुळे तो सतत ठोकत राहणारा बी सूर दुसऱ्या मोकळ्या तारेवर फुकटात मिळतो. पियानोवाल्याला त्यासाठी हात हातात अडकवावे लागतात.

आता माझं. मागे दारात सापडून डाव्या हाताची अनामिका फुटली. सहा आठवडे पट्टी. पहिले दहा दिवस गिटारकडे बघितलं नाही. मग जँगो राइनहार्ट आठवला. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, आणि पुढचे सगळे सोलो त्याने दोन बोटांवर वाजवले. मला एकच बोट कमी होतं, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा उरली नाही. तर्जनी, मधलं आणि करंगळी घेऊन साधे स्केल वाजवायला लागलो. आडव्या तारा ओलांडायच्या ऐवजी एकाच तारेवर लांब सरकत जावं लागतं. त्यात कळलं की माझा अंगठा मानेमागे एकाच जागी रुतून बसायचा आणि बोटं ताणून ताणून तेवढ्यात भागवायची. आता बोट बरं आहे, पण हात सरकवायची सवय राहिली. ती ठेवून घेतली.

सध्या सोरचा बी मायनरमधला अभ्यास, ओपस ३५ मधला बाविसावा. दिसायला निरागस. मात्र दुसऱ्या फ्रेटवर अर्धा बार (तर्जनी काही तारांवर आडवी) धरून ठेवायचा, आणि त्याखाली धून मोडू द्यायची नाही. हँडल कुठून आलं ते कळलं असेल.

सहावीतार, तुमच्या सुरुवातींच्या आजारावर: शेवटून शिका. आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची, असं मागे मागे या. आपण रोज पहिल्या ओळीपासून सुरू करतो, चुकलो की परत पहिलीवर जातो. पहिली ओळ हजार वेळा होते, शेवटची वीस वेळा. उलट्या क्रमाने शिकलं की वाजवताना अनोळखीकडून ओळखीच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटतं.

डावखुरी

हे शेवटून शिकण्याचं मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

माझा प्रकल्प एक अंगाई आहे. मुलीसाठी केलेली, शब्द नाहीत, नुसती धून. गिटार डॅडगॅडमध्ये लावते: सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवायची, की डी-ए-डी-जी-ए-डी. डेव्ही ग्रॅहमने साठच्या दशकात हे लावणं लोकांच्या कानी घातलं. मोकळ्या तारा छेडल्या तर मेजरही नाही आणि मायनरही नाही असा स्वर निघतो, आणि झोपेला तेच बरं. एकाच बोटाने तिसऱ्या तारेवर धून चालवायची, भोवती बाकीच्या तारा मोकळ्या गुणगुणत राहतात, आस लांब मिळते.

धूनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग रोज वाजतो. मुलगी पहिल्या भागातच झोपते. गेले आठ महिने दुसरा भाग कोणी ऐकलेला नाही, आणि मला तो आता नीट आठवतही नाही.

सहावीतार

हे अख्ख्या धाग्यातलं सर्वांत भारी कारण आहे. माझ्या अकरा सुरुवातींना असं एकही नाही.

खुंटीपिळ्या

मी जरा वेगळ्या पंगतीतला. वाजवण्यापेक्षा गिटार उघडून बसण्यात माझा वेळ जातो. सध्या काहीच वाजवत नाही, कारण सध्या गिटारला सॅडल (पोटावरची, तारा टेकतात ती पट्टी) नाही.

नायलॉन तारांची जुनी गिटार आहे, तारेची लांबी ६५० मिमी. म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बारावा फ्रेट बरोबर ३२५ वर. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढला आणि मग तिथेच दाबून वाजवलं तर दोन्ही सूर एक यायला हवेत. माझ्या तिसऱ्या तारेवर दाबलेला सूर चढा यायचा. कारण तार दाबली की ताणली जाते, आणि नायलॉनची तिसरी तार विनागुंडाळीच्या तारांत सर्वांत जाड, म्हणून तिचा हट्ट मोठा. उपाय म्हणजे त्या तारेची वाजणारी लांबी किंचित वाढवायची: सॅडलचा माथा तिसऱ्या तारेखाली पुढून उतरवायचा, म्हणजे तार मागच्या कडेवर टेकते.

हाडाचा तुकडा घेतला. घासायला बसलो. काचेवर सँडपेपर चिकटवून खालून घासत होतो, कारण तारांची उंचीही थोडी कमी करायची होती. हाड घासताना दंतवैद्याच्या खुर्चीवरचा वास येतो, घरच्यांनी खिडक्या उघडल्या. घासायचं, बसवायचं, तारा चढवायच्या, ऐकायचं, परत उतरवायच्या. चौथ्या फेरीला तिसरी तार अगदी सुरात आली. तिथे थांबायचं होतं. पण हात लागला होता, म्हटलं अजून थोडं खाली घेऊ. आता सहावी तार पहिल्या पाच फ्रेटवर माशी अडकल्यासारखी वाजते. घासलेलं हाड परत उगवत नाही. नवा तुकडा आणलाय, रविवारी पुन्हा.

नवशिका काका, एफ लागत नसेल तर दोष तुमच्या बोटाचा नसेलही. पहिल्या फ्रेटवर तार दाबायला फार जोर लागत असेल तर नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील. एक सोपी चाचणी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटमध्ये जेमतेम कागदाएवढी फट हवी. सहज दिसेल एवढी फट असेल तर जाणकाराला दाखवा. स्वतः कानस घेऊन बसू नका. माझं वरचं वाचलंत ना.

नवशिका५८

बघितलं. कागद नाही, पुठ्ठा जाईल.

सात महिने मी स्वतःला बोल लावत होतो हो.

लूपवाला

अर्धाबार, पियानोचं माहीत नव्हतं, चूक मान्य. मेट्रोनोमग्रस्त, तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा प्रकार करून बघितला. पाच मिनिटांत घाम फुटला. चालू ठेवतो आहे.

घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. माइक गिटारच्या भोकासमोर लावू नका, नुसती घुमी निघते. मान जिथे पोटाला मिळते त्या बाजूला, बाराव्या फ्रेटच्या आसपास रोखून, वीतभर अंतरावर लावा. दुसरं, हेडफोनमध्ये आपलंच वाजवणं मागून येतंय असं वाटलं तर रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये बफर (आवाज एका वेळी किती साठवून पुढे पाठवायचा ते) बघा. ४४,१०० च्या सँपल रेटला १०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि तो जाताना-येताना दोनदा लागतो. १२८ वर आणलं की तीनच्या आसपास येतो. माझा चौथा तुकडा महिनाभर 'लयीत बसत नव्हता' तो यामुळे. मी माझ्या उजव्या हाताला शिव्या देत होतो.

सहावीतार

दीड महिन्याने येतोय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

मेट्रोनोमग्रस्त, पैज तुम्ही जिंकलात. अर्ध्या वेगाने ऐकलं आणि पाच मिनिटं गप्प बसलो. अंगठ्यानंतर खिंड होतीच, शिवाय माझी तर्जनी मधल्या बोटाच्या इतकी मागे लागून पडत होती की तीनऐवजी अडीच सूर ऐकू येत होते. तीन वर्षं मी अडीच वाजवत होतो. मग तो टक-टक प्रकार तीन आठवडे केला. कार्कासीचा सातवाही केला, आणि तो *पूर्ण* येतो.

अर्धाबारांचं ऐकून रेकुएर्दोस शेवटून धरलं. मेजरचा भाग आधी वाजवायला लागल्यावर कळलं की तो अवघड नव्हता, नुसता परका होता. खरा अवघड भाग मायनरमध्येच आहे, तिथे ट्रेमोलो दुसऱ्या तारेवर येतो आणि बोटं पहिल्या तारेला घासतात. ते मी इतकी वर्षं वेगाखाली झाकत होतो.

काल पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात रेकॉर्ड केलं. ठरवलेल्या वेगापेक्षा बरंच संथ. तीन ठिकाणी अडखळलो, थांबलो नाही. शेवटच्या ओळीला दारावरची बेल वाजली, तरी थांबलो नाही. आलेला माणूस निघून गेला, कोण होता कळलं नाही. ऐकून मोकळेपणाने सांगा.

मेट्रोनोमग्रस्त

ऐकलं. तिन्ही सूर वेगवेगळे ऐकू आले. मेजरमध्ये गेल्यावर अंगठा जड पडतो, धूनेवर पाय देतो, तेवढं बघा. बेल मात्र लयीत नाही.

मी सत्तेचाळीसवरून बावन्नवर.

डावखुरी

सुंदर. बेलनंतरचे दोन सूर सर्वांत छान आहेत, तुम्ही घाबरून हळू वाजवलेत म्हणून असेल.

मी काल मुलगी झोपल्यावर दुसरा भाग वाजवून पाहिला. अर्धा आठवला, अर्धा नवाच सुचला. नवा बरा आहे.

नवशिका५८

नटच्या खाचा खोल करून घेतल्या. आज एफ वाजला. सहाही तारा, पहिलीसकट. इतका आनंद झाला की पुढे सी धरायचा होता ते विसरून गेलो.